चूल पेटायच्या वेळेला

आपल्याकडे पाहुण्याला दाराशी पाणी मिळतं, बसायला चांगली खुर्ची मिळते, पोहे-चहा मिळतो, निघताना बाईमाणूस असेल तर हळदीकुंकूही मिळतं. मिळत नाही ते स्वयंपाकघर. ‘तुम्ही बसा हो, झालंच आहे’ म्हणत घरची बाई आत जाते आणि मधला पडदा तिच्यामागे हलत राहतो. पलीकडून फोडणीचा आवाज येतो, वास येतो, कुणीतरी कुणाला दबक्या आवाजात ‘ती स्टीलची वाटी काढ, ही नको’ असं सांगतं. मग ताट समोर येतं, कड पुसलेलं आणि डावं-उजवं नीट वाढलेलं. आपण आग्रहाला बळी पडत दोन घास जास्त खातो, ‘आमटी काय सुरेख झालीय’ म्हणतो आणि घरी येतो. आमटी कशी झाली, हे काही कळलेलं नसतं. पाहुणचारात आपण कमी नाही. पण पाहुण्याला आपण फक्त जेवू घालतो, त्याच्यासमोर रांधत नाही.

माझी भाची नोकरीसाठी जपानात गेली, तेव्हा तिची आई काळजीत होती की ही पोरगी तिकडे खाणार काय. खाण्याचं तिचं ती बघून घेईल, असं मी म्हटलं होतं. तिने ते बघितलं, पण निराळ्याच वाटेने. तिच्या शेजारी एक वयस्कर बाई राहतात. त्यांनी तिला घरी बोलावलं, दारात बूट काढायला लावले, एप्रन हातात दिला आणि सरळ ओट्याशी उभं केलं. पहिल्या दिवशी शिकवलं काय, तर पाणी. म्हणजे ‘दाशी’, जपानी घरातलं सूप, शिजवलेल्या भाज्या, शेवयांचा रस्सा या सगळ्यांच्या तळाशी असणारं चवीचं पाणी. कोम्बू नावाचं वाळवलेलं समुद्रशैवाल पाण्यात भिजत घालायचं, मंद आचेवर ठेवायचं आणि पाण्याला उकळी फुटायच्या आत बाहेर काढायचं. नाहीतर पाणी बुळबुळीत होतं. मग त्यात कात्सुओबुशीच्या, म्हणजे उकडून, धुरावून, महिनोन्‌महिने वाळवून लाकडासारख्या टणक केलेल्या माशाच्या, किसणीवर काढलेल्या पातळ पापुद्र्यांची मूठ टाकायची आणि लगेच गाळून घ्यायचं. रोजच्या मिसो सूपला एवढा थाट नको असेल तर निबोशी, म्हणजे बोटभर लांबीचे सुके मासे.

भाचीने हे मला फोनवर चित्रासकट दाखवलं. शेजारच्या आजींचे हात फक्त दिसत होते. एकेक मासा उचलायचा, अंगठ्याने डोकं मोडायचं, पोटातला काळा भाग चिमटीने काढून टाकायचा, उरलेला मासा भांड्यात. तो काळा भाग राहिला तर पाणी कडवट होतं. काम अगदी संथ चाललं होतं. मला ते पाहून वाटलं, हे हात मी कुठेतरी पाहिलेत. ‘आत्या,’ भाची म्हणाली, ‘तुमच्याकडचं, म्हणजे डोंबिवलीचं, मूळचं जेवण काय गं?’

प्रश्न साधा होता, पण डोंबिवलीकराला अडकवणारा होता. आमच्याकडचं म्हणजे माझ्या माहेरचं सांगायचं तर ती ज्वारीची भाकरी आणि साताऱ्याचं कोरड्यास. सासरचं सांगायचं तर कोकणातलं कुळथाचं पिठलं. शेजारचे सांगलीचे, वरच्या मजल्यावरचे उडपीचे, समोरचे जळगावचे. 1853 साली रेल्वे ठाण्यापर्यंत आली, दुसऱ्या वर्षी कल्याणला पोचली आणि त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षं या रुळांच्या दोन्ही बाजूंना बाहेरून आलेली माणसं राहत गेली. आम्ही सगळे त्यांतलेच. आम्ही फडके रोडवर दिवाळी पहाट करतो, पाडव्याला शोभायात्रा काढतो, पोळी-भाजी केंद्रावर रांग लावतो आणि स्वतःला पक्के डोंबिवलीकर म्हणवतो. आमच्याआधी इथे भाताची शेतं होती आणि ती कसणारी गावं होती. आयरे, कोपर, मोठागाव, नांदिवली, सागाव, भोपर, संदप. ही नावं आम्हाला पाठ आहेत, पण रिक्षाच्या स्टँडवरची म्हणून. त्या गावांतल्या आगरी घरात चूल कशी पेटते आणि तिच्यावर काय शिजतं, हे मात्र आमच्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. हळदीच्या रात्री डीजे वाजतो तेवढीच काय ती ओळख.

बँकेतली माझी एक मैत्रीण खाडीच्या बाजूच्या अशाच एका गावातली. तिच्या सासूबाईंना मी मावशी म्हणते. भाचीच्या प्रश्नानंतर मी मैत्रिणीला म्हटलं, मला एकदा तुझ्या सासूबाईंकडून शिकायचंय. तिने हसून सांगितलं, ‘जेवायला ये म्हणजे झालं.’ मी म्हटलं, जेवायला नको; त्याच्या आधी येते.

घर आता तीन मजली, सिमेंटचं. आत गॅस आहे, मिक्सर आहे, थंड पाण्याचं यंत्र आहे. पण मागच्या दारी पत्र्याखाली चूल आहे, आणि भाकऱ्या तिच्यावरच होतात. मी हातात मिठाईचा पुडा घेऊन उभी. मावशींनी पुडा सुनेकडे दिला आणि मला वर-खाली पाहत म्हणाल्या, ‘पावनी हून काय शिकशील? पदर खोच नि बस.’ मी ड्रेस घातला होता. ओढणी कमरेला बांधली आणि बसले.

तांदळाच्या भाकरीचं मला वाटलं होतं तेवढं सोपं नव्हतं. ज्वारीच्या पिठाला हात कोरडा लागतो. परातीत पीठ भुरभुरायचं आणि त्याच्यावर भाकरी फिरवत थापायची. इथे सगळं ओल्या हाताचं. मावशींनी टोपात पाण्याला आधण आणलं, मीठ टाकलं, त्यात तांदळाचं पीठ सोडून ढवळलं आणि झाकण ठेवलं. वाफ मुरली की ती उकड परातीत. अजून हाताला चटका बसतोय तेवढ्यात मळायला घ्यायची. निवली की तिला भेगा पडतात. तांदळात गव्हासारखा चिकटपणा नसतो. पिठातला स्टार्च गरम पाण्यात फुगला की तोच पीठ धरून ठेवतो, आणि म्हणून उकड काढायची. हे शास्त्र मी पुस्तकात वाचलेलं. मावशींचं शास्त्र हातात होतं. मी विचारलं, पीठ किती मऊ झालं म्हणजे पुरे? त्यांनी ओल्या हाताने माझ्या कानाची पाळी चिमटीत धरली आणि दाबली. ‘येवढं.’

रात्री भाचीला हे सांगितलं तर ती ओरडलीच. तिच्या आजींनी तांदळाच्या पिठीचे दांगो करायला शिकवले तेव्हा पीठ कितपत मऊ हवं, हे सांगताना कानाच्या पाळीलाच हात लावला होता. जपानात तसं सांगायची रीतच आहे म्हणे. समुद्राच्या दोन टोकांना तांदूळ खाणाऱ्या बायकांनी एकमेकींना न विचारता एकच माप ठरवलं, आणि तेही असं की जे कुठेही गेलं तरी बरोबरच असतं.

भाकरी थापताना तळहात पाण्यात बुडवायचा, गोळा परातीत ठेवून बोटांनी कडेकडेने दाबत मोठा करायचा. मधोमध जाड आणि कडेला पातळ झाली की तव्यावर चिरते. मावशींची भाकरी सरकत, फिरत आपोआप गोल होत होती. ती तळव्यावर घेऊन त्यांनी तव्यावर अशी सोडली की एकही सुरकुती पडली नाही. वरून पाण्याचा हात फिरवला, ते पाणी सुकायच्या आत उलटली, आणि थोड्या वेळाने पुन्हा उलटली तशी ती मधून उठली, टम्म फुगली. माझी पहिली भाकरी नकाशासारखी झाली. मावशी काही बोलल्या नाहीत. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि पुढचा गोळा माझ्या हातात दिला. जेवताना मात्र ती नकाशाची भाकरी त्यांनी स्वतःच्या ताटात घेतली.

तांदूळ कुठला, असं मी विचारलं. घरचा नाही. घरच्या शेतात आता इमारती आहेत. तांदूळ वाड्याकडचा, ओळखीच्या माणसाकडून आणलेला कोलम. त्याला 2021 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पूर्वी खाजणातल्या जमिनीत, खाऱ्या पाण्याला बांध घालून जो भात पिकवायचे, त्याची भाकरी तांबूस व्हायची आणि दिवसभर मऊ राहायची, असं मावशी म्हणतात. तो तांदूळ मी पाहिलेला नाही. त्यांच्या सुनेनेही नाही.

मग सुकट. मे महिना होता, आणि घरात पावसाळ्याची बेगमी चालली होती. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. त्याच्या कितीतरी आधीपासून, बंदी नव्हती तेव्हाही, पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रावर कोणी जात नसे. म्हणून उन्हाळ्यात सुकं भरायचं: सुकट, जवळा, सोडे, बोंबील, वाकट्या. मावशींकडे पत्र्याचे मोठे डबे आहेत, प्रत्येकाचं झाकण फडक्यात गुंडाळून लावलेलं, आणि डबे उघडले की घरभर दर्या येतो. नव्या इमारतींतल्या लोकांना याच वासाचा त्रास होतो. सोसायटीत कुणी बोंबील भाजले तर बैठकीत विषय निघतो. तक्रार करणाऱ्यांपैकी कितीजण जपानी हॉटेलात मिसो सूप आवडीने पितात, हे मोजायला हवं. त्या सूपच्या तळाशी सुका मासाच असतो.

सुकट निवडायला मावशींनी सूप माझ्या मांडीवर दिलं. आधी तव्यावर कोरडीच भाजायची. किती वेळ? ‘नाकाला इचार,’ त्या म्हणाल्या. वास कच्चा असतो तो आधी उग्र होतो, मग एकदम खमंग होतो. तो बदलला की तवा खाली. गरम सुकट सुपात घेऊन तळव्याने चोळायची, म्हणजे मिशा, पाय आणि डोकी मोडून निघतात, मग पाखडायचं. जी डोकी तरीही चिकटून राहतात ती अंगठ्याने मोडायची. मी मोडत होते. फोनवर पाहिलेले ते जपानी हात मला आधी कुठे दिसले होते, ते तेव्हा कळलं. अशीच डोकी मोडत बसलेल्या बायका मी डोंबिवलीच्या बाजारात, कल्याणच्या स्टेशनाबाहेर, ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात जाता-येता वर्षानुवर्षं पाहत होते. थांबून पाहिलं नव्हतं एवढंच.

पुढचं काम पाचच मिनिटांचं. तेलात ठेचलेला लसूण, कांदा, हळद, घरचा लाल मसाला, धुतलेली सुकट आणि कैरीच्या फोडी. पाणी अगदी बेताचं. सुकटीने आपलं सगळं त्या पाण्याला देऊन टाकलं. तोक्योत किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने 1908 साली कोम्बूच्या पाण्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि गोड, आंबट, खारट, कडू यांच्या पलीकडे ही पाचवी चव आहे असं सांगितलं. पाच वर्षांनी त्याचा शिष्य कोदामा याने वाळवलेल्या माशातला इनोसिनेट दाखवला. पुढे असंही लक्षात आलं की हे दोन्ही एकत्र आले की चव नुसती वाढत नाही, कित्येक पटींनी चढते. म्हणून दाशीत शैवाल आणि मासा दोन्ही पडतात. आपल्याकडे कुणी प्रयोगशाळा काढली नाही. पण सुकटीत टोमॅटो, सोड्यांत वांगं, जवळ्यात कांदा हे जुळवताना जिभेने तेच शोधलं असणार. 2013 साली युनेस्कोने जपानी पारंपरिक आहाराला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतलं. भात, एक सूप, तीन पदार्थ आणि लोणचं असं ते ताट. मावशींच्या ताटात भात, कालवण, एक सुकं, एक तळलेलं आणि भाकरी होती. त्याची नोंद कुठल्या यादीत नाही, आणि मावशींना त्याचं काही वाटतही नाही.

लाल मसाल्याचं मात्र त्यांना वाटतं. उन्हाळ्यात गच्चीवर मिरच्या वाळत पडतात, बेडगी रंगाला, पांडी तिखटाला, काश्मिरी शोभेला. धणे, दालचिनी, लवंग, मिरी, बडीशेप, दगडफूल, हळकुंड, हिंग असं सगळं वेगवेगळं भाजून कांडपावर कुटून आणायचं आणि वर्षभरासाठी बरणीत दाबून भरायचं. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं. मावशींच्या मोठ्या जावेच्या मसाल्यात आणि त्यांच्या मसाल्यात काय फरक आहे, हे सांगायला त्यांनी मला दोन्हींचा एकेक कण चाखायला लावला. मला दोन्ही नुसतेच तिखट लागले. सून म्हणाली, ‘मलाही लग्नानंतर बरीच वर्षं असंच लागायचं.’ तेवढ्या एका वाक्याने मला धीर आला. भाचीचंही तिकडे तेच चाललं होतं. आजींच्या घरातला मिसो आणि दुकानातला मिसो तिला अजून वेगळे कळत नव्हते.

पहिल्या पावसाआधी मावशींनी निरोप धाडला, शेवळं आली, ये. ठाण्यात जांभळी नाक्याच्या मंडईत आणि कल्याणच्या बाजारात तेव्हा मुरबाड-शहापूरकडच्या आदिवासी बायका जुड्या घेऊन बसतात. जमिनीतून सरळ वर आलेला, तपकिरी-जांभळा, मिटलेला कोंब. थोडेच दिवस मिळतो. हे सुरणाच्या कुळातलं, त्यामुळे खाज अंगचीच. वरचं आवरण सोलायचं, आतला पिवळा भाग काढून टाकायचा, उरलेलं बारीक चिरून तेलात चांगलं परतायचं आणि शिजताना काकडांचा रस घालायचा. काकडं म्हणजे आवळ्याएवढी आंबट, हिरवी रानफळं. शेवळं विकणारी बाई ती बरोबरच देते. ‘काकडं नय टाकलीस त घसा धरंल,’ मावशींनी बजावलं. विष आणि उतारा एकाच पाटीत विकायला येतात. कुणी कधी खाऊन, घसा धरवून, पुन्हा खाऊन हे शोधलं असेल? ते कुणा एकीचं नाव घेऊन सांगता येणार नाही. आगरी घरात त्यात कोळंबी किंवा सोडे पडतात, आणि ठाण्यातल्या सीकेपी घरांतही.

ठाण्यातल्या माझ्या सीकेपी मैत्रिणीच्या आईकडेही मी मग याच वेळेला जायला लागले. श्रावणात वालाचं बिरडं. वाल आदल्या दिवशी भिजवून, फडक्यात बांधून मोड आणून, कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचे. त्यांच्या घरी हे काम टीव्हीसमोर बसून, गप्पा मारत सगळे मिळून करतात. त्या सोलण्यात त्यांच्या खानदानाची दोन पिढ्यांची भांडणं, लग्नं आणि घरं मला कळली. ताटात आलेल्या बिरड्याने ती सांगितली नसती.

घराघरांतून असं बसलं की खाडीचीही बातमी मिळते. मावशी लहान असताना त्यांच्या मागच्या दारापासून दहा पावलांवर चिखलात निवटी मिळायची, चिंबोऱ्या मिळायच्या, ओहोटीला कालवं फोडून आणायची. ठाण्याच्या खाडीचा काही भाग 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला, 2022 साली त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, आणि हिवाळ्यात गुलाबी पक्षी बघायला लोक होड्यांतून जातात. पण पाण्यात कारखान्यांचं आणि शहरांचं सांडपाणी उतरतं ते उतरतंच. ‘आता खाडीचं मावरं आमीच घेत नय,’ मावशी म्हणाल्या. त्यांच्या घरातली मासळीही आता मुंबईहून, भाऊच्या धक्क्यावरून आलेली असते. कल्याण-शीळ रस्त्यावर आगरी थाळीच्या पाट्या वाढताहेत, थाळी चांगलीही असते. पण तिथे भाकरी ताटात येते तेव्हा ती कुणाच्या कानाच्या पाळीइतकी मऊ होती, हे विचारता येत नाही. शेत गेलं, खाडी गेली, तरी पदार्थ टिकून राहतो हे खरं. तो कसा टिकतो, हे पाहायचं तर त्या घराच्या मागच्या दारीच जावं लागतं.

या सगळ्यातून मी पाककृतींची वही भरली असेल असं कुणाला वाटेल. वहीत फार थोडं उतरलं. ‘नाकाला इचार’ हे ग्रॅममध्ये लिहिता येत नाही. शिकायला मिळालं ते बसण्यामुळे, आणि बसायला मिळालं ते पाहुणेपण दाराबाहेर ठेवल्यामुळे. सूप मांडीवर घेतलं की कुणी तुम्हाला ‘तुम्ही बसा हो’ म्हणत नाही. मग जात, गाव, भाषा यांच्याबद्दलच्या आपल्या ठरीव समजुतीही थोड्या पाखडल्या जातात.

भाची पुढच्या वर्षी सुट्टीवर येईल तेव्हा तिला मावशींकडे न्यायचं ठरलं आहे. ती येताना निबोशीचं पाकीट आणणार आहे आणि मावशींना ते सुकटीपेक्षा कमी प्रतीचं वाटणार, याबद्दल घरात कुणाला शंका नाही.

तुमच्या इमारतीच्या मागेही असं एखादं गाव असेल, किंवा त्याच मजल्यावर समोरच्या दाराआड एखादं निराळं स्वयंपाकघर असेल. ओळख असेल तर ‘जेवायला या’ या निमंत्रणावर समाधान मानू नका. जेवायच्या वेळेला जाऊ नका, चूल पेटायच्या वेळेला जा. मिठाईचा पुडा नेलात तरी चालेल, पण मग हात धुवा आणि निवडायला काय आहे ते विचारा.